चमचाभर विरजण

शेताच्या वाटणीवरून भावाभावांत बोलणं बंद होतं. तरी पहिल्यांदा घरी बिअर करायची म्हणून क्नुट थोरल्याच्या, ऑडवारच्या दारात आला. मोड आणून वाळवलेले जव त्याने घरी आणून ठेवले होते, ते गरम पाण्यात भिजवायला सहलीचा आइसबॉक्स होता, गाळायला उशीची खोळ होती. नव्हतं फक्त बिअर आंबवायचं विरजण.

"दादा, बाबांच्या बरणीतलं चमचाभर दे ना."

व्हॉसच्या खोऱ्यात बिअरच्या विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. एकाचं नासलं की शेजारच्याकडून आणायचं. असंच ते चार पिढ्या जगलं होतं. पण ऑडवारने दार अर्धंच उघडलं.

"उशीच्या खोळीत बिअर गाळतोय म्हणे! त्याला बाबांचं विरजण कशाला? जा, दुकानातून यीस्टची पुडी आण."

तीन वर्षांनी, ऐन नाताळाच्या तोंडावर ऑडवारच्या बरणीला कुजका वास सुटला. तो घरोघर फिरला. बाबांकडून विरजण नेणारे निम्मे वारले होते, उरलेल्यांनी बिअर करणं केव्हाच सोडलं होतं. शेवटी मान खाली घालून त्याने धाकट्याचं दार वाजवलं.

"क्नुट, तू कुठून तरी मिळवलंच असशील ना रे, बाबांचं विरजण? चमचाभर दे."

क्नुटने आपल्या बिअरचा पेला भरून पुढे केला. बाबांची चव शोधत ऑडवारने मोठा घोट घेतला.



"पुडीची आहे, दादा. तूच सांगितलं होतंस."