उलटा हाका

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या शिकारीच्या आठवड्यात तळ्यावरच्या बदकांवर धरलेला डॉक्टर कुशलचा नेम पाच दिवस चुकत होता. मँचेस्टरहून आलेले सहकारी रोज हसत होते. सहाव्या दिवशी फेझंट पक्ष्यांसाठी हाका होता: हाकारे रानातून पक्षी उठवत आणणार आणि बाहेर रांगेत उभे आठ बंदूकवाले ते टिपणार. हाकारे काठ्यांनी खोडे ठोकत रानाच्या कडेला पोचले आणि भोंगा वाजला. त्यानंतर बार काढायचा नाही, हा तिथला कडक नियम. तेवढ्यात एक मादी झुडपातून चालत बाहेर आली. कुशलने चाप ओढला.

"ती उडतही नव्हती रे!" त्याची बायको कस्तुरी म्हणाली. "बदकांचं उट्टं हिच्यावर काढलंस?"

"हो, काढलं."

हाकारे काठ्या टाकून चहा पिऊ लागले. ठोकणे मात्र थांबले नाही. आता ते पाठीमागून, तळ्याकडून येत होते. तिथे एकही झाड नव्हते.

"ऐकलंस?"

"काय? आणि तू असा वाकून कुठे निघालास?"

त्याचे पाय रानात शिरले होते. तो थांबला की ठकठक जवळ येई. डावीकडे वळला की डावीकडून येई, उजवीकडे वळला की उजवीकडून. ओल्या पाचोळ्यातून तो रांगू लागला. कस्तुरीचा आवाज विरत गेला.

रान संपले. पुढे हिमाने पांढरे पडलेले कुरण होते आणि त्यात चिटपाखरूही नव्हते. तरीही तिथून, एकामागून एक, आठ बंदुका भरून बंद केल्याचे खटके ऐकू आले.

पाठीमागे, अगदी कानाशी, काठी वाजली; आणि कुशल जिवाच्या आकांताने उघड्यावर धावत सुटला.