चौदा किलोची पेटी

ग्रामपंचायतीच्या टेबलावर दोन पेट्या आल्या आणि वच्छला पुढे सरकली. दोन्ही सारख्याच. शिलाई मशीनच्या पेटीएवढ्या, राखाडी, वर मूठ. अडतीस वर्षांपूर्वी त्यातली एक तिच्या डोक्यावर असायची आणि दुसरी तिच्या मोठ्या जावेच्या, अंजनाच्या. कोणती कोणाची, ते आज ठरणार होतं.

नागझिऱ्याच्या अभयारण्याच्या वाटेवर नवं संग्रहालय होत होतं. पाखरांचा अभ्यास करायला आलेल्या साहेबांचे हे जुने कॉम्प्युटर त्यात ठेवायचे होते. नागपूरहून आलेला उमेंद्र गावकऱ्यांना समजावत होता. "हे सोबत नेता येणारे सुरुवातीचे कॉम्प्युटर. पहिलं मॉडेल चौदा किलोचं, दुसरं नऊचं. आतलं सामान काढलंय, म्हणून आता वजनावरून कळणार नाही; बंद असताना फरकही दिसत नाही. उघडलं की पहिल्याला फ्लॉपीच्या दोन खाचा, दुसऱ्याला एक."

सोबत नेता येणारे! मूठ दिली म्हणून काय झालं, जंगलातून दोन कोस कोण हातात नेणार? बायांची डोकी होती म्हणून ते कॉम्प्युटर फिरले.

त्या साली वच्छलाला पाचवा महिना होता. सोमवारी जंगलातल्या बंगल्यावर जाताना आणि शुक्रवारी परतताना साहेब खोळीत घातलेल्या पेट्या अंजनाच्या हवाली करत. "एक हलकी आहे," एवढं सांगत. वाटणी अंजनाची, आणि ती कधी बदलली नाही. वच्छलाची मान मोडायची. अंजना मात्र झपाझप पुढे निघायची. पौषात वच्छलाचं लेकरू पोटातच गेलं. हलकी पेटी अंजनानं स्वतःला ठेवली आणि पोटुशीच्या डोक्यावर भारी चढवली, हे वच्छलानं गावभर सांगितलं. अंजना ना हो म्हणाली, ना नाही. तेव्हापासून एका अंगणात दोन चुली. लग्नकार्यातही दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या.

आज अंजनाही आली होती. लांब, पायरीवर बसली होती. वच्छला पेट्या निरखून बघत होती. ओळखता नाही आलं तर? आपण मरून जाऊ आणि लोक म्हणतील, म्हातारी उगाच बोंबलत होती.

"आजी, तुमची कोणती होती? वरून काही ओळखू येतं?" उमेंद्रनं विचारलं.

"वरून कोन पायलं? मले खालूनच मालूम. उलट्या कर."

लोक हसले. पण उमेंद्रनं पेट्या उलट्या केल्या. एकीच्या तळाला चार रबरी पाय होते. दुसरीच्या तळाला तीन, आणि चौथ्याच्या जागी नुसता स्क्रू. वच्छलाचं बोट थेट त्यावर गेलं. हाच तो. चुंबळीतून घुसायचा. दर खेपेला तिथं चिंधी कोंबावी लागायची.

"हेच माही."

"नक्की ना, आजी?"

"माह्या डोस्क्याले ईचार."

आता कोणी हसलं नाही. वच्छला वळली आणि सगळ्यांच्या देखत अंजनाकडे रोखून बघत राहिली. अंजनानं नजर खाली घातली. वच्छलाला वाटलं, सापडली.

"आता उघड बापू," ती म्हणाली. "खाचा मोज. मोठ्यानं सांग, साऱ्यायले आयकू दे."

उमेंद्रनं दोन्ही बाजूंच्या कड्या काढल्या. झाकण खाली आलं, त्यालाच आतून कळफलक होता. मध्ये वहीच्या अर्ध्या पानाएवढा पडदा. त्याच्या शेजारी खाच. एकच.

त्यानं दुसरी पेटी उघडून पाहिली. तिथं दोन होत्या.

"आजी, तुमची नऊ किलोची. हलकी."

"परत मोज."

त्यानं परत दाखवलं. एक ती एकच. वच्छलानं त्या खाचेवर बोट ठेवलं. अडतीस वर्षं ज्या रागावर ती उभी होती, तो पायाखालून निघून गेला होता. आता लेकराचं जाणं कोणाच्या माथी मारायचं? आणि अंजनाला दिलेले शाप कुठं ठेवायचे?

ती पायरीपाशी कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही.

"भारी पेटी तुमीच नेत होत्या, जाऊबाई," ती म्हणाली. "मंग येवढी वर्सं बोलल्या काऊन नाही?"

अंजना सरकली. शेजारी जागा केली.

"लेकरू गेलं तवा तीन दिवस तू भिंतीवर डोकं आपटत होती, वच्छले. पान्याचा घोट घेत नव्हती. चौथ्या दिवशी मले शिव्या देल्ल्या आन् भात खाल्ला. मंग मी कायले बोलू?"