कॉन्डीसाठी हंबरडा

"साहेबाचं नाव तेवढं घेऊ नकोस, काकू. तुझ्या पाया पडते," कॉन्डीची बायको नाब्ला कुजबुजली.

ऊनाकाकूने कॉन्डीच्या छातीवर मिठाची बशी ठेवली, आरसा नीट झाकलाय ना ते पाहिलं, आणि प्रेताच्या उशाशी स्टूल ओढून बसली. आयर्लंडातल्या डोनेगलहून अमेरिकेत, पेनसिल्वेनियात येताना तिच्याकडे दुसरं होतं काय? विलाप होता. मेलेल्याचं अख्खं आयुष्य ती तिथल्या तिथे रचून गायची. तो कुणामुळे गेला, तेही त्यात यायचंच. नाहीतर त्याला कसली शांती मिळणार! आणि एकदा तिने सूर लावला की तिला अडवायची पाद्र्याचीही छाती नव्हती.

समोर, घरातल्या एकुलत्या एक धड खुर्चीत, खाणीचा साहेब बसला होता. त्याला दुःखबिःख काही नव्हतं. मागच्या मर्तिकाला ऊना गायली आणि दुसऱ्या दिवशी पाळीतले अर्धे मजूर खाणीत उतरलेच नाहीत, हे त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणून या खेपेला स्वारी स्वतः ऐकायला हजर. घर खाणीचं. विधवेला ठेवायचं की सामानासकट रस्त्यावर काढायचं, हे त्याच्या हातात. नाब्लाच्या पदरात तीन कच्चीबच्ची होती.

साहेबाला आमची आयरिश भाषा ओ की ठो कळत नसे. त्यासाठी त्याने मुकादमाला शेजारी बसवलं होतं. फेलिम स्वीनी. कॉन्डीच्याच गावचा, त्याच्याच बोटीने आलेला. खाणीचं छत तोलणाऱ्या टेकूंची लाकडं कुजलीत हे माहीत असून त्यानेच कॉन्डीला खाली धाडलं होतं, आणि छत कॉन्डीवर कोसळलं. नवी लाकडं साहेबाने दिली नव्हती, पण आत ढकलणारी जीभ फेलिमची. घरातल्या एकूण एक बाईला हे ठाऊक होतं.

ऊनाने डोळे मिटले आणि सूर लावला.

"ऊठ रे कॉन्डी, ऊठ माझ्या सोन्या. तुझ्या तांबड्या केसांना अजून कंगवा लागायचाय..."

"काय म्हणते?" साहेबाने विचारलं.

"त्याच्या केसांचं कौतुक करतेय, साहेब."

कडवं संपलं तशा सगळ्या बायांनी एकदम हंबरडा फोडला. रीतच आहे ती. साहेब दचकलाच. पुरुष मात्र भिंतीला टेकून गप्प पाइप ओढत राहिले. पुरुष या हंबरड्यात सूर मिसळत नाहीत, मग घरातलं कुणी का गेलेलं असेना.

"लाकूड कुजलंय म्हणालास, बाळा. भीती वाटत असेल तर बायकोचा झगा घाल, असं तुला ऐकवलं..."

भिंतीपाशी कुणाचा तरी पाइप खाली पडला. नाब्लाने धाकटीला घट्ट पोटाशी धरलं.

"आता काय म्हणते?"

फेलिम म्हणाला, "तो कामात कधी मागे हटला नाही म्हणते."

पुन्हा हंबरडा. तो थांबल्यावर ऊनाने डोळे उघडले. प्रेताकडे नाही, सरळ फेलिमकडे पाहिलं.

"बोटीत तू तापाने फणफणला होतास रे. आपल्या वाट्याचं पाणी तुझ्या तोंडात कुणी घातलं? तू आईच्या नावाने रडायचास, तुझं डोकं मांडीवर कुणी घेतलं? त्याच्या तोंडात आज माती आहे. बोल, कुणी घातली?"

नाव तिने एकाचंही घेतलं नव्हतं. पण साहेब काही दुधखुळा नव्हता. खुर्ची करकरली.

"ती तुझ्याकडे बघून बोलली. काय म्हणाली?"

नाब्लाने मान खाली घातली. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

फेलिमने हातातली टोपी चुरगाळली. मग म्हणाला, "ती तुमचे उपकार मानतेय, साहेब. घर बाईकडेच राहू दिलंत म्हणून. मलाही सांगितलं, साहेबांना आमचा नमस्कार पोचव."

साहेब गोंधळला. घरभर माणसं, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याने हॅट उगाच झटकली.

"हं. तर... राहू दे. राहू दे म्हणावं."

फेलिमने ते आमच्या भाषेत सांगितलं, शब्दन् शब्द. नाब्लाने धाकटीला खाली सोडलं. ऊना मात्र हलली नाही. तिने कडवं सोडलंच नव्हतं. शेवटच्या ओळीवरचा हंबरडा अजून व्हायचा होता. ती ओळ तिने पुन्हा गायली, हळूच, फेलिमकडेच बघत.

"बोल ना रे, कुणी घातली?"

बायांनी हंबरडा फोडला. त्यात एक जाडाभरडा आवाज मिसळला. भिंतीपाशी उभ्या पुरुषांनी तोंडातले पाइप काढले. फेलिम स्वीनी गुडघ्यांवर आला होता, कॉन्डीच्या पायांवर डोकं ठेवून गुरासारखा ओरडत होता.

साहेबाने त्याचा खांदा हलवला.

"फेलिम! अरे, आता तू काय म्हणतोयस?"