ब्लॉक

सुनेने सासूबाईंना नवा फोन घेऊन दिला. जुन्यातले सगळे नंबर त्यात आले, फक्त ब्लॉक केलेल्यांची यादी तेवढी आली नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर बाही जोडत बसल्या होत्या, तोच फोन वाजला. धाकटा भाऊ! घराच्या वाटणीवरून दोन वर्षं अबोला होता. त्या फोन कट करायला गेल्या, पण सवय नसल्याने बोट भलतीकडेच सरकलं आणि फोन उचलला गेला.

"ताई? लागला गं!" तो म्हणाला. "दोन वर्षं रोज लावायचो. आज रिंग गेली, तर काय बोलायचं तेच सुचेना."

ताईंनी पदराने डोळे टिपले.

"फोन नवा आहे रे, नीट ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "घरीच ये."