पंपावरचा फळा

माझ्या ह्यांना जुन्या पेट्रोलपंपांवरच्या पाट्या जमवायचा नाद आहे. काल ह्यांना मामंजींच्या बंद पडलेल्या पंपावरचा फळा मिळाला. त्यावर मामंजींनी खडूने लिहिलेला शेवटच्या दिवसाचा भाव अजून होता. मामंजींना हल्ली कोणीच ओळखू येत नाही; आपलं अक्षर तरी ओळखतील, एवढीच ह्यांना आशा. आणि मी सकाळी ओल्या फडक्याने धुळीबरोबर तो आकडाही पुसून टाकला. आता हे मामंजींना धरून जिना उतरवत होते. मी खडू उचलला, पण मामंजींच्या अक्षरात खोटं लिहायला हात धजेना. “अगं, काय करून बसलीस?” हे दारातच थबकले. मामंजींनी कोऱ्या फळ्यावरून बोट फिरवलं. “कालचा भाव पुसलास, बरं केलंस पोरी,” ते म्हणाले. “आण तो खडू इकडे. आजचा लिहितो, बाहेर गाड्या खोळंबल्यात.”