नुसते ठिपके

“तुम्ही नुसते इथे बसा. आपला नंबर आला तर मी येतेय म्हणून सांगा. रंगाच्या भानगडीत मात्र पडू नका,” असं म्हणून नीताने साडीची पिशवी कुमारच्या मांडीवर ठेवली आणि ती टेलरकडे निघाली.

पनवेलच्या बाजारातलं ते मॅचिंगचं दुकान बायकांनी गच्च भरलं होतं. लेकीचं, रेवाचं लग्न तोंडावर आलं होतं आणि नीताच्या साडीला काही केल्या ब्लाउजपीस मिळत नव्हता. साडी शेवाळी, काठ विटकरी. कुमारने मान डोलावली आणि तो स्टुलावर अंग चोरून बसला.

वाटेत नीताला वाईट वाटलं. हल्ली ते वारंवार वाटायचं. एके काळी याच माणसाला तिने रंगांवरून किती छळलं होतं!

साडी दाखवली की कुमार म्हणायचा, “लाल ना? छान आहे.”

“अहो, लाल काय? डाळिंबी आहे ही!”

“तेच ते.”

अबोली, गुलबक्षी, राणी, त्याच्या लेखी सगळं गुलाबीच. नीता चारचौघांत त्याची फिरकी घ्यायची. देवाने पुरुषांना डोळे दिलेत ते फक्त रस्ता ओलांडायला, असं म्हणायची. कुमार मस्कतला नोकरीवर होता तेव्हा त्याचा मित्र धनेश घरचं सामान आणून द्यायचा. तो तर हिरवे टोमॅटो पिकलेले म्हणून आणायचा. सगळे एका माळेचे मणी!

पुढे कुमार परत आला, त्याच वर्षी रेवा झाली आणि बघता बघता शाळेत जाऊ लागली. एकदा तिने झाडाची पानं लालभडक रंगवली आणि बाईंनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत लपलेला आकडा रेवाला काही दिसेना.

“रंगांधळेपणा आहे. लाल-हिरव्यात गोंधळ होतो,” डॉक्टर म्हणाले. “मुलग्यांत बऱ्याचदा सापडतो, मुलींत क्वचित. आणि मुलीला असला म्हणजे वडिलांना असतोच.” त्यांनी पुस्तक कुमारकडे फिरवलं. “बघा बरं, काय दिसतंय?”

“त्यांचं कशाला बघताय, डॉक्टर?” नीता घाईने म्हणाली.

कुमार बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग त्याने मांडीवरच्या रेवाच्या केसांतून हात फिरवला.

“काही नाही हो. नुसते ठिपके.”

“मग प्रश्नच मिटला,” डॉक्टर हसले. “बापाची लेक!”

नीताला तिथेच रडू फुटलं. हा काही आजार नव्हे, मुलगी अगदी ठणठणीत आहे, अशी डॉक्टरांनाच तिची समजूत घालावी लागली.

त्या दिवसापासून तिने कुमारला रंगावरून कधी चिडवलं नाही. त्याचे शर्ट-पॅन्ट ती जोडीने काढून ठेवू लागली. बाजारात टोमॅटो उचलून तो विचारायचा, “हा पिकलाय का गं?” तेव्हा तिचा जीव तुटायचा. रेवा मात्र खूश होती. “मी बाबांवर गेलेय,” असं ती रोडपालीच्या त्यांच्या सोसायटीत ज्याला त्याला सांगायची. बापलेक वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून बाहेर पडायचे आणि कुणी दाखवून दिलं की पोट धरून हसायचे.

नवी साडी नेसून “कशी दिसते?” असं विचारणं नीताने सोडूनच दिलं. बिचाऱ्याला कशाला ओशाळं करायचं? आता रेवा सासरी गेली की घरात दोघंच उरणार. तेव्हा एकदा त्याच्याजवळ बसून त्या जुन्या टोमण्यांची माफी मागायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

टेलरचं दुकान बंद होतं. नीता आल्या पावली परत फिरली. मॅचिंगच्या दुकानाच्या दारातच बायकांची भिंत उभी होती. तिने टाचा उंचावून आत पाहिलं. स्टूल रिकामं होतं. कुमार काउंटरपाशी उभा होता आणि त्याच्या शेजारी हातात साडी घेतलेली एक तरुण मुलगी.

“हे नको घेऊस, बाळा,” कुमार तिला सांगत होता. “तुझी साडी आमसुली आहे, हे कापड वांगी. ट्यूबलाइटखाली सारखंच वाटतं. उन्हात धरून बघ.” मग तो दुकानदाराकडे वळला. “आणि आम्हाला तो वरचा शेवाळी काढा. त्याच्या शेजारचा नको, तो मेंदी आहे.”

मुलीने कापड दाराच्या उजेडात धरलं. “अय्या, खरंच की! काका, काकूंची चैन आहे हो. एवढे रंग कळणारा नवरा कुणाला मिळतो?”

कुमारने साडीची घडी अलगद पिशवीत सरकवली.

“काकूच्याच टोमण्यांतून शिकलो, पण तिला यातलं काही ठाऊक नाही,” तो म्हणाला. “आणि तिला कळायलाही नको.”