चौथी रकात

“तुझ्याने होणार नाही,” मास्टरांनी मुलीला तिसऱ्यांदा सांगितलं आणि विषय कापून टाकला.

कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कपड्यांच्या कारखान्यात ते कटिंग मास्टर होते. एकावर एक साठ थर कापड, वर खडूची रेघ, आणि मशीन चाललं की चाललं. सव्वीस वर्षांत एक बाही आखूड गेली नव्हती. घरातही त्यांचा शब्द असाच. एकदा कापलं ते पुन्हा जोडायचं कसं, असं ते विचारायचे.

मुलीला नोकरी चालून आली होती. नव्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि दोष दिसला की जागच्या जागी कुलूप लावायचं. संध्याकाळी सहाच्या आत फोन करून हो की नाही ते कळवायचं होतं. पगार, परकं गाव, राहायची सोय, कशालाच मास्टरांची हरकत नव्हती. हरकत होती ती मुलीच्या स्वभावाला. तिच्या तोंडून कधी ब्र निघायचा नाही. दुकानदाराने तडा गेलेली बरणी दिली तरी ती मुकाट्याने घरी घेऊन यायची. घरात तिचं नावच गुपचूप पडलं होतं. ही पोर दुप्पट वयाच्या इंजिनियरसमोर उभी राहून तुमचं काम चुकलंय म्हणणार? आणि तिने तोंड उघडलं नाही, तर त्या लिफ्टमधून माणसं जाणार-येणार होती.

बायको तीन दिवस मुलीच्या बाजूने भांडली होती. आज सकाळपासून तर तिने बोलणंच टाकलं होतं.

असरची वेळ झाली. दुपार कलल्यावरची ही नमाज सुट्टीच्या दिवशी घरीच व्हायची. तिघंही वुजू करून, हात-तोंड-पाय धुऊन आली. पुढे इमाम म्हणून मास्टर, मागच्या ओळीत मायलेकी. रुसवा असो की भांडण, काब्याकडे तोंड करून उभं राहिलं की सगळं घर एका दिशेला यायचं.

उभं राहायचं, वाकायचं, दोनदा कपाळ टेकायचं, अशी एक रकात. असरच्या अशा चार, आणि सगळं पठण मनातल्या मनात. बायको वाकली की तिच्या हातातली काकणं किणकिणायची. मागे न बघताही मास्टरांना कळायचं, सगळे जागेवर आहेत.

पहिली रकात झाली, दुसरी झाली, आणि मास्टरांचं मन निसटलं. डोळ्यांपुढे एक अर्धवट इमारत आली, एक शिरजोर इंजिनियर आला आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभी असलेली गुपचूप. कपाळ टेकून झालं, तसे मास्टर चौथीनंतरच्या, शेवटच्या बैठकीला बसले.

मागून टाळी वाजली.

नमाजीत बोलता येत नाही. इमाम चुकला तर मागच्या बाईने एका हाताची बोटं दुसऱ्या हातावर आपटायची, बस्स. इमाम म्हणजे तरी कोण, तर पुढे उभा राहिलेला माणूस. त्याची चूक दाखवायचा हक्क मागच्या प्रत्येकाला असतो. मात्र इमामाची स्वतःची खात्री असेल, तर त्याने ऐकलंच पाहिजे असंही नाही.

मास्टरांची खात्री होती. त्यांची ती नेहमीच असायची. तीस वर्षं ही माझ्या चुका काढतेय, आज नमाजीतही सोडलं नाही, असंही मनात येऊन गेलं. मग त्यांनी रकाती पुन्हा मोजल्या. तीनच झाल्या होत्या. ते उठून उभे राहिले.

चौथी रकात झाली. शेवटी त्यांनी भुलीचे दोन जादा सजदे केले, म्हणजे आणखी दोनदा कपाळ टेकलं. विसर पडल्याने नमाज वाया जात नाही, या दोन सजद्यांनी ती सांधता येते. नियम त्यांना लहानपणापासून पाठ होता. कापडाला ही सोय नसते, नमाजीला असते, हा फरक मात्र त्यांच्या आजच लक्षात आला. उजवीकडे सलाम झाला, डावीकडे झाला, आणि ते मागे वळले.

“बरं झालं टाळी वाजवलीस,” ते बायकोला म्हणाले. “माझं चुकलं.”

असलं काही त्या घराने आजवर ऐकलं नव्हतं. बायकोने नुसतं मनगट हलवलं. काकणं किणकिणली. तेव्हा कुठे मास्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. टाळी वाजली तेव्हा काकणं वाजली नव्हती.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून एका हाताने दुसरा हात चोळत होती. भीती वाटली का, असं त्यांनी विचारलं. तिने मान हलवून हो म्हटलं.

“तरी वाजवलीस,” ते म्हणाले. आपला फोन त्यांनी तिच्या हातात दिला आणि सहा वाजायच्या आत कळवून टाक म्हणाले. नंबर शोधत ती बाहेरच्या खोलीत गेली.

मग त्यांनी बायकोला विचारलं, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, मग आज कसं कळलं नाही?

“तुम्ही बसलात तेव्हाच कळलं,” ती म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं बोलणं. “हात उचलणारच होते. मग म्हटलं, जरा थांबावं. तुमच्याशी भांडले खरी, पण धाकधूक मलाही होतीच.”

“आणि तिने नसती वाजवली तर?”

“मी वाजवली असती,” बायको मुसल्ल्याची, नमाजाच्या चटईची घडी घालत म्हणाली. “आणि फोन मीच लावू दिला नसता.”